नातवाचं नाव कुठल्या रकान्यात लिहायचं?

एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं आहे. त्या ६४ वर्षांच्या आहेत, यजमान ६८ चे. यजमानांना मधुमेह आणि रक्तदाब आहे. दोघांची मिळून ५ लाखांची फ्लोटर मेडिक्लेम पॉलिसी गेली नऊ वर्षं चालू आहे. त्यांची ३४ वर्षांची मुलगी दोन वर्षांपासून सात वर्षांच्या मुलाला घेऊन माहेरी राहते, कौटुंबिक न्यायालयात प्रकरण चालू आहे. ती एका खासगी ऑफिसात महिना १८ हजारांवर नोकरी करते. नातवाला दमा आहे. मागच्या पावसाळ्यात त्याला दोन रात्री दवाखान्यात ठेवावं लागलं आणि ४१ हजारांचं बिल बाईंनी पेन्शनमधून भरलं. पॉलिसीचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे. एजंट म्हणतो, फॉर्मवर 'नातू' हे नातंच नाही, 'मुलगा' म्हणून लावून टाकू, कोण बघतंय. आणि दम्याचं काही लिहू नका. बाईंनी फॉर्म अर्धा भरला आणि ठेवून दिला. त्या विचारतात, "ज्याला मी रोज जेवू घालते, ज्याचा अभ्यास घेते, त्याला मुलगा म्हटलं तर ते इतकं खोटं ठरतं का? तसं जमत नसेल तर माझ्या विम्यात त्याला आणण्याचा सरळ मार्ग कोणता? मुलीला यातलं काही सांगितलेलं नाही. तिच्या डोक्याला आधीच पुष्कळ ताप आहेत."

बाई,

तुम्ही आयुष्यभर शिकवलंत, म्हणून बाईच म्हणते.

फॉर्म भरताना तुमचा हात थांबला, ते फार बरं झालं. घरात तुम्ही त्याला मुलगा म्हणा, त्यावर बोलायचा कोणाला अधिकार नाही. पण विम्याचा प्रस्ताव अर्ज हे सही केलेलं निवेदन असतं आणि त्यातल्या प्रत्येक उत्तरावर पुढचा दावा उभा राहतो. 'कोण बघतंय' हे अर्ज भरताना खरं असतं, कारण तेव्हा कोणी बघतच नाही. बघतात ते मूल ॲडमिट झाल्यावर. कॅशलेससाठी, म्हणजे बिल कंपनीनं परस्पर भरावं म्हणून, त्याचं आधार मागतात, रक्कम मोठी असेल तर जन्मदाखला मागतात, आणि जन्मदाखल्यावर आईवडिलांची नावं असतात.

मी काही वर्षं दाव्यांचे कागद तपासण्याचं काम केलं आहे. एक फाइल अजून डोळ्यांसमोर आहे. चार वर्षांची मुलगी, डेंग्यू, आणि पॉलिसीत 'आई' म्हणून ६१ वर्षांची बाई. आजीच होती ती. माझ्यासमोर बसून तिनं हेच विचारलं होतं की मी वाढवते तिला, मग काय चुकलं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. दावा नाकारला गेला. आजीला त्याहून मोठा धक्का पुढे बसला, कारण खोटी माहिती दिली म्हणून तिची स्वतःची जुनी पॉलिसीही रद्द झाली.

तुमच्या बाबतीत पणाला लागलंय ते हे. सलग ५ वर्षं पॉलिसी चालवली की, म्हणजे ६० महिन्यांनंतर, कंपनीला 'तुम्ही अमुक सांगितलं नव्हतं' म्हणून दावा अडवता येत नाही. २०२४ मध्ये हा काळ ८ वर्षांवरून ५ वर आणला गेला. तुमची नऊ वर्षं झाली आहेत, म्हणजे यजमानांचा मधुमेह, रक्तदाब, सगळं आज निर्धास्त आहे. या संरक्षणाला अपवाद आहे तो सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. नऊ वर्षं सांभाळलेल्या पॉलिसीत आपल्याच हातानं फसवणुकीचा पुरावा कशाला ठेवायचा? ती गेली तर ६८ व्या वर्षी, मधुमेह सांगून, नवी घ्यावी लागेल. सगळ्या वयोगटांसाठी पॉलिसी ठेवा असं विमा नियामकानं कंपन्यांना सांगितलेलं आहे, तेव्हा दार बंद होणार नाही. पण हप्ता चढा लागेल आणि जुन्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे त्या आजारांचे दावे मिळत नाहीत तो काळ, पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजला जाईल.

आता सरळ मार्गाचं. प्रत्येक पॉलिसीच्या पुस्तिकेत सुरुवातीच्या पानांवर 'कुटुंब' या शब्दाची व्याख्या असते. ती शोधून वाचा, एजंटाच्या तोंडून ऐकू नका. सर्वसाधारणपणे त्यात पती किंवा पत्नी, अवलंबून असलेली मुलं आणि आईवडील किंवा सासूसासरे एवढेच असतात. सगळ्या कंपन्या विकतात त्या 'आरोग्य संजीवनी' या प्रमाणित पॉलिसीत मुलं म्हणजे ३ महिने ते २५ वर्षांची, पोटची किंवा कायदेशीर दत्तक घेतलेली. नातवंडं त्यात नाहीत. काही कंपन्यांच्या पॉलिसींमध्ये मात्र नातवंडं चालतात. तेव्हा 'नातू कुठेच बसत नाही' हे एजंटाचं म्हणणं अर्धवट आहे. त्याच्या कंपनीत बसत नसेल.

पण समजा तुमच्या कंपनीनं उद्या नातू हे नातं मान्य केलं, तरी मी तुम्हाला त्याला तुमच्या फ्लोटरमध्ये घालू नका असंच सांगेन.

फ्लोटरचा हप्ता घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. सात वर्षांचं मूल ६८ वर्षांच्या माणसाच्या दरपत्रकात जाऊन बसतं. शिवाय विमा रक्कम सगळ्यांत मिळून एकच. यजमानांच्या हृदयाचं काही निघालं आणि एप्रिलमध्ये ४ लाख खर्च झाले, तर उरलेलं वर्ष तुम्ही आणि नातू १ लाखात. पावसाळा तर त्यानंतरच येतो. उलट बाजूनं, नातवाच्या दोन रात्रींच्या दाव्यामुळे तुमचा इतक्या वर्षांत साठलेला बोनस कमी होऊ शकतो. आणि जड मनानं लिहिते, तुमचं वय ६४ आहे. त्याला अजून निदान अठरा वर्षं कोणाच्या तरी पॉलिसीत राहायचं आहे. त्याचा विमा तुमच्या प्रकृतीशी आणि तुमच्या पेन्शनशी बांधू नये असं मला मनापासून वाटतं.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. नातवाचा दमा आहे, यजमानांची साखर आहे, ४१ हजारांचा हिशेब आहे. मुलीच्या तब्येतीबद्दल एक ओळ नाही. तिचा स्वतःचा विमा आहे का? तुमच्या पॉलिसीत ती नाही, हे पत्रावरूनच कळतं. उद्या तिचं अपेंडिक्स फुटलं, गाडीवरून पडून पाय मोडला, तर पैसे पुन्हा तुमच्या पेन्शनमधूनच जाणार. नातवाला शाळेत सोडणारी आणि रात्री त्याच्या छातीला कान लावणारी तीच आहे. नातवाच्या आजारपणाची कल्पना तुम्ही शंभर वेळा केली असेल. तिच्या आजारपणाची एकदा करून बघा.

म्हणून तुमच्या प्रश्नाची दिशा मी थोडी बदलते. नातवाला तुमच्या पॉलिसीत आणण्यापेक्षा मायलेकरांची वेगळी, तिच्या नावाची पॉलिसी हवी. आई प्रस्तावक, म्हणजे पॉलिसी घेणारी, आणि मुलगा तिच्यावर अवलंबून. एजंट मंडळी याला 'वन ॲडल्ट, वन चाइल्ड' म्हणतात. नातं सिद्ध करायला जन्मदाखला पुरतो. हप्ता ३४ च्या वयावर ठरतो, म्हणजे तुमच्या फ्लोटरच्या मानानं पुष्कळच कमी. आणि तो मोठा होईपर्यंत ही पॉलिसी त्याच्यासोबत चालू शकते. तो २५ चा झाला की स्वतःच्या पॉलिसीत जाताना मधल्या वर्षांचा प्रतीक्षाकाळ त्याच्या खात्यावर जमा धरला जातो.

पण विकत घ्यायच्या आधी, त्यांच्याकडे न मागता आलेलं काही आहे का ते बघा. माझा अंदाज आहे की असेल.

पहिलं, तिची पगाराची स्लिप मागा. पगार २१ हजारांपर्यंत असेल आणि ऑफिसात १० किंवा त्याहून जास्त माणसं असतील, तर बहुतेक ठिकाणी तिला राज्य कामगार विमा, म्हणजे ईएसआयसी लागू व्हायला हवा. पगारातून पाऊण टक्का कापतात, मालक सव्वातीन टक्के भरतो. १८ हजारांवर तिचे १३५ रुपये होतात. त्यात तिचे आणि मुलाचे, दोघांचेही उपचार येतात. नातवाचं नाव कुटुंबात नोंदलेलं असलं पाहिजे, एवढंच. कित्येक बायकांच्या पगारातून ही रक्कम वर्षानुवर्षं कापली जाते आणि ती कशाची आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. कापत नसतील आणि माणसं पुरेशी असतील, तर तिनं ऑफिसात विचारावं. तो तिचा हक्क आहे.

दुसरं, जावई. तुम्ही त्यांचा उल्लेखच टाळलात, कारण समजतं. पण ते एखाद्या कंपनीत नोकरीला असतील तर कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये नातवाचं नाव अजून असण्याची चांगली शक्यता आहे. नवराबायको वेगळे झाले तरी मूल दोघांचंच राहतं. ग्रुप पॉलिसीत आधीपासूनचा आजारही बहुतेक वेळा पहिल्या दिवसापासून धरतात. म्हणजे नातवाच्या दम्याला आज, या महिन्यात उपयोगी पडेल असं काही असेल तर ते तिथे आहे. मुलीच्या वकिलांना सांगून नातवाचं विम्याचं ई-कार्ड मागवून घ्या, आणि पोटगीच्या अर्जात मुलाच्या आरोग्य विम्याचा हप्ता हा वेगळा मुद्दा म्हणून मांडता येईल का ते विचारा. यात कमीपणा काही नाही. बाप घरात नसला तरी मुलाच्या औषधपाण्याची जबाबदारी त्याच्यावरून उतरत नाही. फक्त वडिलांची नोकरी सुटली की हे छत्र जातं, म्हणून एवढ्यावरच थांबू नका.

तिसरं, रेशन कार्ड. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना पूर्वी ठरावीक कार्डधारकांसाठी होती आणि मर्यादा दीड लाखाची होती. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं ती राज्यातल्या सगळ्या रेशन कार्डधारकांसाठी खुली झाली, पांढरं कार्डसुद्धा चालतं, आणि मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाख झाली. पण 'कुटुंब' म्हणजे कार्डावर नावं असलेली माणसं. मुलीचं नाव लग्नानंतर सासरच्या कार्डावर गेलं असेल आणि मुलाचंही तिकडेच असेल. तिथून 'नाव कमी केल्याचा दाखला' घेऊन दोघांची नावं तुमच्या कार्डावर चढवायला हवीत. सासरचे सहकार्य करत नसतील तर तहसील किंवा शिधावाटप कार्यालयात न्यायालयातल्या प्रकरणाचे कागद दाखवून तोंडी नव्हे, लेखी अर्ज द्या. आजीआजोबांच्या छायेत नातू खरोखर कुठे बसत असेल तर तो इथे, रेशन कार्डाच्या पानावर! योजनेत ठरलेल्या यादीतलेच उपचार आणि ठरलेलीच रुग्णालयं असतात. म्हणून घराजवळचं कोणतं रुग्णालय त्यात आहे हे आधीच १५५३८८ वर फोन करून लिहून ठेवा. ॲडमिट करायची वेळ आली की रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेले असतात, पहिल्यांदा त्यांना गाठायचं.

एक गैरसमज मात्र काढून टाकते, कारण बऱ्याच आजीआजोबांचा तो असतो. दोन वर्षांनी यजमान ७० चे होतील आणि त्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळेल. ऑक्टोबर २०२४ पासून ७० च्या पुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांचं हे संरक्षण आहे. ते फक्त घरातल्या सत्तरीपुढच्यांसाठी. त्यावर नातवाचे उपचार होत नाहीत.

आता विकत घ्यायच्या पॉलिसीकडे येऊ. अर्जात दमा लिहायचाच. मागच्या पावसाळ्यातलं डिस्चार्ज कार्ड जोडायचं. कंपनी कदाचित हप्ता थोडा वाढवेल, कदाचित दम्यासाठी प्रतीक्षाकाळ लावेल, तो ३ वर्षांपेक्षा जास्त असू शकत नाही. एखादी कंपनी नाही म्हणेल, मग दुसरीकडे जायचं. लपवलेला दमा पुढच्याच पावसाळ्यात सापडतो, कारण डॉक्टर केसपेपरवर पहिल्या ओळीत लिहितात, 'दोन वर्षांपासून इनहेलर चालू'. दम्याचा प्रतीक्षाकाळ चालू असतानाही बाकीचं सगळं, डेंग्यू, टायफॉइड, खेळताना मोडलेला हात, संरक्षित असतं. अपघात पहिल्या दिवसापासून, इतर आजार साधारण ३० दिवसांनंतर. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवस ती वाचून परत करण्याची मुभा असते, ते दिवस वाचण्यातच घालवा.

पैसे तुम्ही द्या ना. तुमच्या मनात द्यायचंच आहे. फक्त रक्कम मुलीच्या खात्यात टाका आणि हप्ता तिच्या खात्यातून जाऊ द्या, म्हणजे कागद स्वच्छ राहतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फ्लोटर आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला आहे, त्यामुळे तुमच्या नूतनीकरणातही काही रक्कम मोकळी होईल. तीच इकडे वळवता येईल. नातवाच्या हप्त्यावर तुम्हाला प्राप्तिकरात आरोग्य विम्याच्या हप्त्याची वजावट मिळणार नाही. ती स्वतः, पती किंवा पत्नी, अवलंबून मुलं आणि आईवडील यांच्यापुरतीच आहे. ज्या घरात आजोबा नातवंडांचा हप्ता भरून ही वजावट दाखवतात, त्यांनी तेवढं थांबवावं.

आणि एक गोष्ट विम्याच्या बाहेरची. दम्याचा बहुतेक खर्च मेडिक्लेममध्ये येतच नाही. इनहेलर, स्पेसर, घरातलं नेब्युलायझर, दर दोन महिन्यांची तपासणी, रात्री अकराला बाह्यरुग्ण विभागात घेतलेली वाफ, हे सगळं खिशातून. दावा व्हायला साधारण २४ तास भरती राहावं लागतं. दमा नीट आटोक्यात ठेवला तर भरतीची वेळच क्वचित येते, म्हणजे या खिशातल्या खर्चानंच मोठं बिल टळतं. दर महिन्याला थोडी ठरलेली रक्कम त्यासाठी वेगळी काढा, आणि बरं वाटतंय म्हणून रोजचा इनहेलर मध्येच बंद होणार नाही एवढं बघा. मागच्या वेळी तसंच काही झालं होतं का, हे बालरोगतज्ज्ञांना विचारून घ्या.

तुमच्यासारखं पत्र लिहिणाऱ्या पण वेगळ्या परिस्थितीतल्या आजीआजोबांसाठी थोडं. केंद्र सरकारी पेन्शनर असाल आणि सीजीएचएस, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचं कार्ड असेल, तर विधवा किंवा विभक्त मुलगी तुमच्यावर अवलंबून असून तुमच्याकडे राहत असल्यास तिच्या अज्ञान मुलांनाही १८ व्या वर्षापर्यंत सीजीएचएसमध्ये घेता येतं. हा नियम आहे, आणि तो माहीत नसल्यामुळे कित्येक जण अर्जच करत नाहीत. मुलाचे आईवडील दोघंही नसतील, तर आधी पालकत्वाचा प्रश्न सोडवा. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयातून पालक म्हणून नेमणूक करून घेता येते. तो आदेश शाळा, बँक, दवाखाना सगळीकडे लागतो. मात्र पालक झालात म्हणजे पॉलिसीतल्या व्याख्येत मूल आपोआप बसतं असं नाही, कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. बाल न्याय कायद्याप्रमाणे आजीआजोबा नातवंडाला नातेवाईक म्हणून दत्तक घेऊ शकतात आणि मग ते पॉलिसीतही मूल ठरतं. पण दत्तकानं मुलाचं नाव, वारसा, नातीगोती सगळं बदलतं. एका मेडिक्लेमसाठी तो रस्ता धरू नका, बाकीची कारणं असतील तरच धरा. आणि महिला व बालविकास विभागाची बालसंगोपन योजना विसरू नका. आईवडील नसलेल्या किंवा एकच पालक असलेल्या पात्र मुलांना त्यात महिना २,२५० रुपये मिळतात. बाई, तुमच्या मुलीनंही चौकशी करायला हरकत नाही.

राहिलं मुलीशी बोलणं. तिच्या डोक्याला ताप नको म्हणून तुम्ही तिला सांगितलं नाहीत. पण वर लिहिलेलं एकही काम तिच्याशिवाय होणार नाही. स्लिप तिची आहे, वकील तिचे आहेत, सही तिची लागणार आहे. मला वाटतं, तिला ताप होतो तो न सांगितलेल्या गोष्टींचा जास्त. ते ४१ हजार कुठून आले हे तिला ठाऊक नसेल असं तुम्हाला खरंच वाटतं? 'मी सगळं पाहीन' असं म्हणू नका. 'हे दोघींनी मिळून करू, हप्त्याचं पहिलं वर्ष माझ्याकडून' एवढं म्हणा आणि तिला बोलू द्या. ती दोन वर्षांपूर्वी मूल कडेवर घेऊन आली तेव्हा जशी होती तशी आज राहिली नसेल.

तुमच्या नूतनीकरणात या वर्षी काहीही बदल करू नका. एजंटाला फोनवर नाही, मेसेज करून कळवा की नवीन नाव घालायचं नाही, आहे तशीच पॉलिसी पुढे चालू ठेवायची. हप्ता तारखेच्या आठवडाभर आधी भरून टाका. तो अर्धा भरलेला फॉर्म फाडून टाका. नवीन फॉर्म येईल तेव्हा टेबलाशी मुलीला बसवा, आणि दम्याच्या रकान्यात 'होय' तिला तिच्या अक्षरात लिहू द्या.